टोप्या जित्ता हाय

लखू,

कुऱ्हाडीसाठी घर पालथं घालू नकोस, ती मी नेली हाय. आंबील चुलीपाशी झाकून ठेवलीय. ती पी आणि धावत ओढ्याकडं ये.

अरे, आपला टोप्या जित्ता हाय! सकाळी पाण्याला गेले तर डोक्यावरनं आगगाडी गेल्यागत पंख वाजले. वर बघते तर धनेश, आणि चोचीवरच्या टोपीला तोच टवका! तू जातं फिरवताना त्यानं मधी डोकं घातलं होतं, तेव्हाचा. लहानपणी तुझ्या तोंडात उंबर कोंबायचा, तसंच आता बायकोला भरवतोय. ती ढोलीत बसलीय. ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय, नुसती चोचीपुरती फट ठेवलीय. पिल्लूबी असणार, आतनं बारीक आवाज येतोय.

पण ढोली कुठल्या झाडात, ठाऊक हाय? काल तू पाडायसाठी साल तासून खूण केलीस, त्याच किंजळीत. कॅसलरॉकच्या आगगाडीच्या जळणाला एक झाड कमी पडलं तर पडू दे. मुकादमाला मी बघून घेते.

टोप्या उडून गेला त्या दिवशी खुराड्याचं दार मीच उघडं टाकलं, व्हय. बारा वर्सं तू त्यावरनं मला एका शब्दानं बोलला न्हाईस, पण त्याला बोलवायची ती शीळबी परत कधी घातली न्हाईस.

मी किंजळीखाली बसलेय. कुऱ्हाड पायजेच असंल तर तिथंच ये, तुझ्या हातात देते. पण आधी शीळ घाल.

तुझी अक्का