क्वीनीसाठी ट्वीडचा कोट

४ मार्च

पिवळी! चक्क पिवळी ब्रीचेस!

सकाळी मी कप विसळत होते. बाबा त्यांच्या ट्रेलरच्या, चाकांवरच्या घराच्या, दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "पोरी, ऑगस्टातल्या घोड्यांच्या मोठ्या प्रदर्शनात आपल्या घोडीवर, क्वीनीवर, तू बसायचंस." मी हसले. एक्केचाळीस वर्षांची बाई मी, जिना चढले तरी गुडघे कुरकुरतात. "दात काय काढतेस? थर्लबीबाईंशी बोलणं झालंय. कपडे कोणते ते त्या सांगतील."

थर्लबीबाई म्हणजे टेकडीवरच्या दगडी घरातल्या. गोर्जो — आमच्या रोमानी माणसांतल्या नव्हेत. पण कॉब घोड्यांतलं त्यांना कळतं, हे बाबासुद्धा मान्य करतात. पूर्वी त्या प्रदर्शनांत परीक्षक असायच्या. दुपारी स्वतःच आल्या आणि उभ्याउभ्याच सांगून गेल्या — ट्वीडच्या जाड लोकरी कापडाचा कोट, फिका शर्ट, टाय, पिवळी नाहीतर मातकट ब्रीचेस, उंच बूट, तपकिरी हातमोजे, साधी हॅट, हातात आखूड काठी. "काळा कोट अजिबात नको, मिझेली. कॉब कामाचा घोडा. त्याच्यावर काळा कोट घालून बसणं म्हणजे लग्नाच्या कपड्यांत शेण काढणं."

लायस — माझा थोरला भाऊ — हे सगळं ऐकत टायर बदलत होता. त्या गेल्यावर म्हणाला, "मिझी, पिवळ्या विजारीत तू बदक दिसशील, बदक!"

५ मार्च

रात्री स्वप्नात बदक.

९ मार्च

आज लायस बोलून गेला. सहज, चहा ओतता ओतता. "एवढं शिकून करणार काय? बाबा गेले की घोडी जाणारच."

मला हे माहीत नाही असं थोडंच आहे! गेलेल्याची वस्तू घरात ठेवायची नाही. ठेवली तर तो माणूस सुटत नाही. हल्ली पुष्कळ जण फोटो ठेवतात, घड्याळं ठेवतात, कुणी काही बोलत नाही. पण आमचं घर कडक. आई गेली तेव्हा बाबांनी तिचे सोनेरी काठांचे कप एकेक करून स्वतःच्या हातानं फोडले. तिचं तट्टू होतं, करड्या रंगाचं. ते लायसनं लांबच्या बाजारात नेऊन परक्याला विकलं. कुणाला, कुठे, काही विचारायचं नाही. म्होरकी मीच धरून लॉरीपर्यंत नेली होती. अजून ते तट्टू कुठे असेल म्हणून जीव तुटतो.

आणि जानेवारीत डॉक्टर म्हणाले की बाबांचं हृदय थकलंय. म्हणजे क्वीनीही थकल्या हृदयाला टांगलेली. तिची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा बाटलीनं दूध मी पाजलं. शेकोटीजवळ मांडीवर घेऊन मी बसले. नाव बाबांचं, शेण माझं! पण आमच्यात नावालाच किंमत.

२० मार्च

बाईंच्या अंगणात पहिली शिकवणी. घोडीवर बसणं राहिलं बाजूला, अर्धा वेळ माझ्या केसांवर गेला. केस जाळीत, मानेवर घट्ट अंबाडा, एक बट बाहेर नको. क्वीनीची मात्र आयाळ मोकळी सोडायची, पायांवरचे केसांचे झुबके धुऊन, भुसा चोळून पांढरेशुभ्र करायचे, कात्री लावायची नाही. "तिचे केस हे तिचं वैभव आहे," बाई म्हणाल्या. आणि माझे? माझे म्हणजे घरातला पसारा!

मग कानांकडे बोट केलं. "रिंगणात दागिने चालत नाहीत."

मी सांगितलं, नाही काढणार. चार वर्षांची असताना घातल्यात या बाळ्या. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. "बघ बाई तुझं तू," म्हणाल्या.

२ एप्रिल

आज धीर करून बाबांना विचारलं. बटाटे सोलता सोलता विचारलं. "बाबा, क्वीनी मला आत्ताच देऊन टाका ना. जिवंतपणी. म्हणजे ती माझी होईल."

पाईप नुसताच तोंडात, पेटवायला डॉक्टरांची बंदी. मग म्हणाले, "डोळे मिटायला आलेला बाप घरातल्या घरात लेकीला घोडी देतो, त्याला देणं म्हणतात होय? ती माझीच राहते. तुझ्या आईचे कप मी फोडले. तेव्हा कुणाला दिले का लपवून?"

"पण तिला कुठे नेतील बाबा?"

"बटाटा केवढा सोलतेस! अर्धा सालातच गेला."

संपलं बोलणं. यापुढे कुणाला काय विचारू? रडून झालं. बटाटे करपले.

१७ मे

आज लहान प्रदर्शन, गावच्या मैदानावर, सरावासाठी. अब्रू गेली.

टाय बांधताना जीव घुसमटला म्हणून ऐन वेळी काढून टाकला आणि गळ्यात आपला लाल रेशमी रुमाल बांधला, बाबा घोड्यांच्या जत्रेत बांधतात तसा. बाळ्या होत्याच. शिवाय क्वीनीच्या आयाळीत लाल फीत! मला वाटलं, किती उठून दिसतोय. आमच्या जत्रेत सगळ्यांनी माना वळवून पाहिलं असतं. इथेही पाहिलं. परीक्षक बाप्या माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, जत्रा पुढच्या महिन्यात आहे." बाकीचे घोडेस्वार तोंड फिरवून हसले. शेवटचा नंबर. माझ्या क्वीनीचा, तिच्या चालीत काडीची खोट नसताना!

थर्लबीबाई लगाम धरून गाडीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "तो सगळा वेळ तुला बघत होता, मिझेली. घोडीला बघितलंच नाही त्यानं. स्वारानं असं दिसायचं की दिसूच नये. ट्वीड त्यासाठी. चिखलाचा रंग, गवताचा रंग. तू विरून गेलीस की मग ती दिसते."

मी म्हटलं, "आमच्या माणसांनी किती विरायचं बाई? रस्त्यावर विरा, शाळेत विरा, आता घोड्यावर पण!"

त्यांनी लगाम माझ्या हातात दिला. बोलल्याचं वाईट वाटलं, पण खोटं काय होतं त्यात?

बाबा गाडीत बसून होते. मला वाटलं चिडतील. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "लाल फीत! अगं, तुझी आई असती तर घुंगरू बांधले असते तिनं."

१८ मे

टायची गाठ शिकतेय. लायस म्हणतो, फाशीची सोपी असते.

८ जून

बाळ्या काढल्या. बाईंसाठी नाही, क्वीनीसाठी. कानांना हात लावला की कुणाचे तरी दुसऱ्याचेच कान वाटतात.

बाईंनी त्यांचा जुना ट्वीडचा कोट दिला, हिरवट तपकिरी. खांद्यात सैल होता, रात्री बसून आत घेतला. आज तो घालून बसले आणि क्वीनीला चालवलं, तर बाबा कुंपणाशी उभे राहून तिच्याकडेच बघत होते. पायांपासून मानेपर्यंत, पुन्हा मानेपासून पायांपर्यंत. माझ्यावर नजर ठरतच नव्हती. जमलं म्हणायचं!

थर्लबीबाई त्यांच्या शेजारीच होत्या. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी जवळ गेले की बोलणं बंद. एवढं काय असतं यांचं गुपचूप? आणि ही बाई रोज उठून का येते? हिला घोडे कमी आहेत का स्वतःचे?

२१ जून

बाबा पडले. पाण्याच्या नळाशी. उजवी बाजू गेली, जीभ गेली.

इस्पितळाच्या आवारात आमची सगळी माणसं, तीन गाड्या, मग दहा, मग मोजणं सोडलं. नर्स म्हणते एका वेळी दोघंच आत. लायस तिला समजावतो, आमच्यात माणसाला एकटं सोडत नाहीत. ती म्हणते नियम. तो म्हणतो आमचाही नियमच. मी मध्ये उभी. मला दोन्ही पटतात आणि दोन्हींचा उपयोग नाही.

२४ जून

थर्लबीबाई आल्या. बाबांनी डावा हात उचलला आणि त्यांच्या हाताला नुसता लावला. बाई म्हणाल्या, "हो. आहे लक्षात." मला कुणी सांगेल का काय लक्षात आहे? मी त्यांची लेक. मला दिवसभर नुसता "अ… अ…" एवढाच आवाज. पाणी हवंय का, नाही. उशी, नाही. क्वीनी बरी आहे म्हटलं, तर डोळे मिटले.

बाईंचा असा राग आला की खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

२८ जून

घरी आणलं. शेकोटीजवळ, आपल्या माणसांत. पहाटे गेले.

आता नाव घ्यायचं नाही. इथेही नाही.

३ जुलै

पोचवून आलो. काळा झगा, काळे मोजे. वर्षभर आता हेच.

त्यांचा ट्रेलर माळावर ओढत नेला आणि पेटवला. मी खुर्ची तेवढी मागितली, दारातली. लायस म्हणाला, "मिझी, मागू नकोस गं." त्याचाही आवाज फुटत होता. तो वाईट नाही. त्याला दुसरं काही येत नाही, एवढंच. त्यांनीच शिकवलेलं तो करतोय, आणि मी काय म्हणू? शिकवणाऱ्याशी भांडू?

मग त्यानं पुढचंही सांगितलं. रविवारी लॉरी येईल. क्वीनी उत्तरेकडच्या बाजारात. व्यापारी बोटीनं पलीकडे नेणारा आहे. म्हणजे पुन्हा रस्त्यात कुठे दृष्टीस पडायला नको. "तुझ्यासाठीच सांगतोय. दिसली तर तुला जास्त त्रास."

थर्लबीबाई लांब झाडाखाली उभ्या होत्या, काळ्या कोटात. जवळ येऊन म्हणाल्या, "रविवारी मी येईन." मी तोंडावर सांगितलं, "कशाला? तमाशा बघायला? आमच्या घरातलं आहे हे. नका येऊ." त्या मान हलवून परत झाडाखाली गेल्या.

५ जुलै

लायस म्हणाला, आता तिला खरारा करू नको, लळा तोड. तरी खरारा केला. झुबके धुतले, भुसा चोळला. कुठल्या बाजारात, कुणासमोर उभी राहणार कुणास ठाऊक, पण मळकी नाही जाणार माझी पोर. ती माझ्या खिशात नाक घालून गाजर शोधत होती. तिला काय सांगू? प्रदर्शन नाही, रिंगण नाही, काही नाही?

पळवून न्यावी असं मनात आलं. कुठे नेणार! एवढी मोठी कबरी घोडी, परकरात लपवणार?

रविवार, ७ जुलै

सकाळी लॉरी आली. म्होरकी मी चढवली, दुसऱ्या कुणी हात लावायला नको म्हणून. फाटकापर्यंत आणली तर तिथे थर्लबीबाई, हातात दुसरी म्होरकी.

"लायस, घोडी माझी आहे," म्हणाल्या. "मार्चच्या सुरुवातीला तुझ्या वडिलांनी माझ्या हातावर हात मारून सौदा केला. साक्षीला तुझे सासरे होते. ते म्हणाले, मी मेलो तेव्हा ती माझी असली तर तिला जावं लागेल. आधीच परक्याची झाली तर कुणाला हात लावता येणार नाही. अट ही — स्वारी मिझेलीची, दुसऱ्या कुणाची नाही. आणि न्यायला येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाहीतर पोरं माझ्या शवपेटीपाशी भांडतील, असं म्हणाले."

लायसनं तिथूनच सासऱ्याला फोन लावला. ऐकलं. हातावर हात पडला की पडला. आमच्यात त्यापुढे कुणी बोलत नाही. त्यानं टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवत राहिला.

मी भडकले. खरंच! चार महिने मला रडवलं, एका शब्दानं सांगितलं नाही, आणि आता ओरडायला समोर नाहीत! मग मी क्वीनीच्याच मानेला धरून उभी राहिले.

बाई म्हणाल्या, "तुझा दुखवटा संपल्यावर ये. घाई नाही. पुढच्या वर्षीही प्रदर्शन आहे, मी थांबते."

लायस दुसरीकडे बघत म्हणाला, "या ऑगस्टातच ट्वीडवर दंडाला काळी पट्टी बांधली तर चालेल का हो बाई, तिकडच्या रिवाजात?"