औरादच्या कोर्टातली साक्ष

ठाणाकुशनूर, जि. बिदर
दि. १४ डिसेंबर

चि. रूपाली,

आत्याचा जयभीम. यशूचा एक पापा घे माझ्या वतीनं.

तुझी ड्युटी दिवसाची हाय का रातची, ते काय तू सांगत न्हाईस. फोनवर नुसतं "बरी हाय" म्हणतीस. मग मी बी बरीच हाय. गुडघे तेवढे माझं ऐकत न्हाईत. तूर औंदा झकास हाय, मूग मात्र पावसानं काळा पडला. अंगणवाडीतून रिटायर झाले तरी पोरं दारात येऊन "बाई, बाई" करायलेत, आन् मी बी उगं त्यांच्या हातावर शेंगदाणे ठिवायले.

पत्र कामून लिहायले म्हणशील. फोनवर तू रडलीस का मी रडते, आन् मी रडले का तू फोन ठिवतीस. दोघींचं बोलणं तिथंच ऱ्हातंय. म्हणून कागदांसंगं हे बी पाकिटात घालायले.

तर कागद आला. दाखला सगळ्यात वर हाय, खाली कोर्टाचा निकाल. अमरनाथ वकील म्हणले, गोल शिक्का उठलाय का बघून घ्या. बघितलं, उठलाय. जर्मनीवाले भाषांतर मागतेत म्हणलीस, ते तू हैदराबादलाच करून घे. इथं कोण करून देणार, गिरणीवाला?

नर्सिंगचे कागद, दवाखान्यातल्या नोकरीचा दाखला, पोलिसाचा दाखला, जर्मन भाषेची परीक्षा, सगळं तू तुझ्या हिमतीवर केलंस. तुझा व्हिसा कुठंच अडला न्हाई. अडला तो यशूचा. लेकराला परदेशात न्यायचं तर बापाची संमती पायजे, न्हाईतर बाप हयात न्हाई असा दाखला. आन् बाप, आपला राजपाल, तर फरशी बसवायच्या कामाला जातो म्हणून नऊ वर्षांमागं बिदरच्या स्टेशनात हैदराबादच्या गाडीत बसला, तो कुणाला दिसलाच न्हाई. संमती कुणाची मागावी? तू म्हणलीस, यशूला सोडून मी जाणार न्हाई, नोकरी गेली चुलीत. मी म्हणलं, गप बस येडे, काय करायचं ते मी करते.

खरं सांगू? दाखला व्हऊ नये असं बी वाटायलतं. दाखला न्हाई तर यशू जात न्हाई, यशू न्हाई तर तू जात न्हाईस, आन् उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरू माझ्या कुशीत. म्हातारीचा जीव असा लबाड असतोय बघ. तुझा बाप माझा सख्खा भाऊ. भावाची लेक सून करून घेतली ते ती जन्मभर डोळ्यापुढं ऱ्हावी म्हणून. लेक तर गेलाच, आता सून आन् नात बी मीच हातानं धाडायले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत ते हेच.

दाखल्यावर तारीख घातलीय ती वकिलांनी कोर्टात आपला दावा टाकला त्या दिवसाची. खरी तारीख कुणाला ठाऊक हाय? पण मी आठवून बघितलं. त्या दिवशी मी शेजारच्या महादेवीसंगं शेवया करायलते आन् कसल्या तरी गोष्टीला दोघी पोट धरून हसलताव. सरकारच्या हिशेबानं माझा लेक त्या दिवशी गेला. मी हसायलते गं रूपाली.

कागद आल्याचं गावभर झालं. बाया आल्या, गळ्यात पडल्या. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं. मग तुझे चुलतसासरे, भगवानराव भाऊजी आले. म्हणले, "वहिनी, आता पुण्यानुमोदन करू, भंतेजींना बोलवू, फोटोला हार घालू." मी म्हणलं, "फोटो मी रोज पुसते. हार घातला तर पाकळ्या कोण झाडणार?" ते चिडले. "अवो, कोर्टात तुम्हीच सांगून आलाव की!" मी म्हणलं, "व्हय, सांगून आले." मग बिचारे चहा पिऊन गेले.

तू बी म्हणशील, म्हातारी तिथं एक बोलली आन् घरी दुसरंच बोलायली. तुझी साक्ष आधी झालती. माझ्या तारखेला तुला सुट्टी न्हाई मिळाली, म्हणून तुला काय झालं ते ठाऊक न्हाई. आन् मी फोनवर "झालं" एवढंच म्हणले.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतेत. मी चढले, दोन्ही गुडघ्यांसकट. अमरनाथनं आधीच समजावलतं. सात वर्षं ज्याची खबर जवळच्या माणसाला न्हाई, त्याला कोर्ट मेलेला धरतंय. पण जवळच्यानं उभं ऱ्हाऊन ते सांगायला पायजे. म्हणले, "अक्का, बायकोची साक्ष झाली, पण आईला खबर न्हाई म्हणजे कुणालाच न्हाई, असं जज धरतेत." रातभर मी तेच घोळवलं. अंथरुणात बसून बोलायची सवय करून बघितली. "माझा लेक" एवढंच यायचं, पुढचं तोंडातून फुटतच नव्हतं. मला वाटलं, झालं, माझ्यापायी यशूचं बुडणार.

जज बाई हायत, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणल्या, मराठीत बोला, वकील आम्हाला कन्नडात सांगतील. अमरनाथनं तसं ठरवलंच व्हतं. मी म्हणलं, न्हाई, मी कन्नडात बोलते. अमरनाथ माझ्याकडं बघायलेच. माझं कन्नड तुला ठाऊक हाय, बसचं तिकीट आन् बाजारातली वांगी. तू आन् यशू हसून लोळताव. पण मी म्हणलं, कन्नडातच.

लेकाचा फोन आला का? इल्ला. चिठ्ठी? इल्ला. कुणी बघितल्याचं सांगितलं? इल्ला. मग त्या बाईंनी हळू विचारलं, तो जिवंत असंल असं वाटतंय का? मी म्हणलं, "इल्ला." त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

बाहेर आल्यावर अमरनाथ म्हणले, "अक्का, मराठीत बोललाव असतं तर सोपं गेलं असतं." त्यांना काय सांगू? त्यांच्या घरात दोन्ही भाषा बोलतेत. मी कन्नडात कंडक्टरसंगं भांडले, तहसीलातल्या सायबाला विनवण्या केल्या. पण राजपालला त्या भाषेत कधी जेवायला हाक मारली न्हाई, त्याच्यावर कधी रागं भरले न्हाई. त्या भाषेत तो माझा कुणी लागत न्हाई. म्हणून जीभ वळली. मराठीत वळली नसती, आन् यशूचा कागद तिथंच ऱ्हायला असता.

आता तुम्ही जावा. माझ्याकडं बघून थांबू नको. तिथं थंडी लई असती म्हणतेत, लेकराच्या कानाला गुंडाळत जा. तुला कुणी चांगला माणूस भेटला तर माझ्यासाठी मागं सरू नको, तेवढं मला कळतंय. माझी काळजी करायला भाऊजी हायत, भांडायला महादेवी हाय.

एकच मागायले. यशू मोठी व्हईल, एक दिवस खोदून विचारील, माझा बाप कुठं हाय. कागद तिच्या हाती येईल, तवा तुला सांगावंच लागंल. तिकडच्या भाषेत सांग. मराठीत नको सांगू.

तुझी आत्या,
राजपालची आई,
सुमनबाई