धर्मपालच्या खाटेखालच्या विटा

अकोला,
मंगळवार, १४ फेब्रुवारी १९६१

स्नेहाचे व्याही नत्थुजी यांना शालिकराम मास्तरचा सप्रेम जयभीम.

आपलं कार्ड काल पोचलं. आपली प्रकृती कशी आहे हे विचारायची गरज उरली नाही, कारण कार्ड वाचताना आपला आवाज पार अंगणापर्यंत ऐकू आला. माणिकबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे; पण निबंधात खोटं लिहू नका असं मी साऱ्या नोकरीभर पोरांना सांगत आलो, तेव्हा ते वाक्य गाळतो. मी हादरलेलो आहे, नत्थुजी. या महिन्यात मला इतके धक्के बसले की आता दारावर पोस्टमननं हाक मारली तरी छातीत धस्स होतं.

आपण लिहिता की रविवारी फळांच्या ट्रकवर बसून येतो आणि जमुनाला व लेकराला वरूडला घेऊन जातो, कारण "तुमच्या घरी माह्या नातवाले पोटभर भेटून नाही राह्यलं, त्याच्या बरगड्या मोजता येतात." बरगड्यांचं खरं आहे. पण आम्ही धर्मपालला उपाशी ठेवतो, हे वाचून माझ्या नाकावरचा चष्माच पडला. (काच वाचली, दांडी गेली. सुतळीनं कानाला बांधून हे लिहितो आहे, ओळ वाकडी गेली तर समजून घ्या.) म्हणून आपण ट्रकवर पाय ठेवण्याआधी झालं ते सगळं ऐकून घ्या, आणि मग आमचा धर्मपाल आमच्याजवळ राहू द्या. माझं सांगणं एवढंच.

आपला नातू कसा आहे हे आपण जाणताच. पावसाळा सरला तेव्हा त्याला चौथं वर्ष लागलं. मान अजून वाऱ्यातल्या कणसासारखी डुलते, पाय काठीसारखे ताठतात, बोलणं नाही. पण त्याला समजतं सगळं, यावर मी कोणाशीही वाद घालीन. मी कविता म्हणायला लागलो की त्याचा उजवा हात हळूहळू वर उठतो आणि ठेक्यावर पडतो. (ठेक्याच्या जरा मागं पडतो. आमच्या शाळेच्या तपासणीला येणारे साहेबही तसेच मागून डोलायचे, त्यांना कधी कोणी काही म्हटलं नाही.) तपासणीच्या दिवशी माझा तिसरीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, खिडकीतल्या चिमण्या भर्रकन उडायच्या, आणि डोळे मिटले की शाळेची कौलं जराशी वर उचलली गेल्यासारखी वाटायची. कुठं गेली ती पोरं? कोणी जिनिंगमध्ये, कोणी रेल्वेत. रस्त्यात भेटली तर पाया पडतात, पण कविता म्हण म्हटलं की त्यांना एकदम काम आठवतं. आता ऐकणारा एकटा धर्मपाल उरला. असो. मी उलट्यांचं सांगत होतो.

उलट्या त्याला तान्हेपणापासून. पोटात काही गेलं की आंबट उलटी, मग रडणं, मग पाठ धनुष्यासारखी मागं वाकवून सारं अंग ताणणं. घरात यावर विचार झाला नाही असं समजू नका. आमच्या मंडळींचं, चतुराबाईचं मत, नजर. (दीक्षा घेतली तेव्हाच आपण नजर मोडीत काढली, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, "तुमी काढली असन. शेजारणीनं कुठी काढली?") आपल्या जावयाचं, देवमनचं मत, दाढा. आणि माझं मत असं की हा मुलगा मनस्वी आहे, कवीच्या वळणाचा आहे, जेवणासारख्या क्षुद्र गोष्टीचा त्याला संताप येतो. तो संताप शांत व्हावा म्हणून तोंड पुसल्याबरोबर मी त्याला मांडीवर आडवा घ्यायचो आणि पाय हलवत हलवत कविता म्हणायचो. तो खुदकन हसायचा. मग सगळं माझ्या बंडीवर परत यायचं. मी बंडी बदलून दुसरी कविता घ्यायचो.

शेवटी जमुनानंच पदर खोचला. म्हणाली, "मामाजी, नजर झाली, दाढा झाल्या, कविता झाल्या. आता अमरावतीले दाखवू." आम्ही एस.टी.नं निघालो. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ पांढरीशुभ्र टोपी मांडीवर उलटी ठेवून डुलक्या घेत होते. मूर्तिजापूर यायच्या आधी धर्मपालचा सकाळचा संत्र्याचा रस परत आला, आणि एक थेंब न सांडता, वाटीत ओतावा तसा, त्या टोपीत गेला. मी गृहस्थांना उठवणार तोच गाडीनं गचका दिला. ते दचकून जागे झाले, आणि जागं होऊन पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर टोपी डोक्यावर घातली. पुढचं लिहीत नाही. ते कोणत्या खात्यात होते कळलं नाही, पण शब्दसंपत्ती मोठी होती.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, याला खायला काय देता? मी छाती पुढं काढून म्हणालो, "बाई, आम्ही काही कसर ठेवत नाही. खास वरूडची संत्री आहेत. दोन्ही वेळा वाटी वाटी रस." त्यांनी पेन खाली ठेवलं. आणखी काय? आणखी वरणभात, त्याच्यावर लसूण-मिरचीची फोडणी, कारण वऱ्हाडचं लेकरू अळणी कसं खाईल? बाईंनी चष्मा काढला. भरवता कसं? जमुनानं त्याला मांडीवर उताणा घेऊन दाखवलं, आपल्याकडे सगळ्याच आया घेतात तसा. आणि जेवल्यावर? ते मी करून दाखवलं, पाय हलवण्यासकट. (एकच कडवं झालं. दुसरं बाईंनी म्हणू दिलं नाही.) (आणि संत्री व्याह्यांकडून येतात हे मी सांगितलं नाही. वरूड मोठं गाव आहे, त्यांना काय कळतं.)

मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, याच्या पोटातलं आंबट वर येतं आणि याची छाती जळते. अशा अंगानं कमजोर मुलांना हा त्रास फार होतो. तो रागावत नाही, त्याला जळतं. सांगता येत नाही म्हणून पाठ वाकवतो."

नत्थुजी, मी तिथल्या बाकावर बसूनच राहिलो. ज्या पोराला ठेका कळतो असं मी गावभर सांगत फिरलो, ते पोर तीन वर्षं सगळ्या अंगानं एकच गोष्ट ओरडून सांगत होतं, आणि मी तिला काव्य म्हणत होतो. जमुनानं त्याला फक्त आडव्याचा उभा केला आणि खांद्याशी घेतला, आणि परत अकोला येईस्तोवर खाली ठेवला नाही.

बाईंनी सांगितलं ते असं. संत्रं, लिंबू, तिखट बंद. पेज दाट करून, थोडी थोडी, दिवसातून पुष्कळदा, आणि बसवून भरवायची. भरवल्यावर अर्धा तास उभं धरायचं, आडवं करायचं नाही, हलवायचं तर मुळीच नाही. झोपायच्या खाटेची एक बाजू विटांवर उंच करायची. शिवाय एक पांढरं औषध दिलं. (मी उमरभर खडू फळ्यावर झिजवला, आता नातू तोच पाण्यात कालवून पितो आहे असं बघणाऱ्याला वाटेल.)

घरी येताच देवमननं विटा आणल्या आणि खाटेच्या उत्तरेकडच्या पायांखाली लावल्या, कारण दक्षिणेकडे ज्वारीची कोठी आहे, तिथं हात शिरत नाही. आम्ही सगळे मागं सरून पाहू लागलो. खाट शाळेच्या घसरगुंडीसारखी दिमाखात उभी होती. आणि त्या दिवसापासून, नत्थुजी, उलट्या वाढल्या! तोंडानं यायच्या त्या नाकानंही यायला लागल्या. पोर सुकलं. नेमका त्याच दिवसांत आपल्या गावचा सूर्यभान येऊन गेला, आणि त्यानंच आपल्याला बरगड्यांचं कळवलं असणार. मी तर डॉक्टरीणबाईंना एक कडक पत्र लिहायला घेतलं होतं. मायना फार चांगला जमला होता.

मग गेल्या गुरुवारची दुपार. दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा असं जेवण झालं. जमुना धर्मपालला खांद्याशी घेऊन अंगणात फिरत होती. त्याची खाट रिकामी दिसली, म्हटलं जरा टेकावं. उशी होती तिथं डोकं ठेवलं, डोळे मिटले आणि एक नदीवरची जुनी कविता मनात म्हणू लागलो. नदी डोंगरातून निघाली, पठारावर आली, दुसरं कडवं लागलं, आणि ठेचा परत आला. घशापासून बेंबीपर्यंत विस्तव! मला वाटलं, आपलं आटोपलं. मी मोठ्यानं ओरडलो, आणि ओरडता ओरडता मला दिसलं की माझे पाय माझ्या डोक्यापेक्षा उंच आहेत.

चतुराबाई हातात उलथनं घेऊन धावत आली. मी विचारलं, उशी इकडं कोणी ठेवली?

"मीनंच ठेवली. मंग कुठी ठेवू?"

"अवो, विटांच्या बाजूनं! डोकं उंच राहावं म्हणून तर विटा लावल्या!"

"तिकडं डोकं केलं तं पाय दक्षिणेकडं जातात. दक्षिणेकडं पाय करून का जितं माणूस झोपते? तो यमाचा रस्ता हाय."

"पण यम आपण सोडला ना, चतुरा!"

"आपण त्याले सोडलं," ती म्हणाली, "त्यानं आपल्याले सोडलं का?"

मागच्या पौर्णिमेला विहारात मी 'खुळ्या समजुती टाका' या विषयावर बोललो होतो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या चालू असताना माझा नातू माझ्याच घरी उताराला डोकं करून झोपला होता, आणि आम्ही रोज त्याच्या गादीच्या सुरकुत्या काढत होतो! मी हे बोललो तशी चतुराबाईनं उलथनं खाली ठेवलं. "मी तं त्याले वाचवून राह्यली होती," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. मग मला रागावताही येईना.

सायंकाळी देवमन डेपोतून आल्यावर बैठक भरली. खाट पूर्व-पश्चिम ठेवावी तर दार अडतं, घराबाहेर पडायला खाटेवरून चढून जावं लागेल. उत्तरेकडे डोकं चतुराबाईला मान्य नाही. मी म्हणालो, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. मी पहिली बाजू मांडत असतानाच जमुनानं कोठी कमरेनं रेटून सरकवली, विटा उत्तरेकडून काढल्या, दक्षिणेकडे लावल्या आणि उशीही त्याच बाजूला असल्याची खात्री करून पेज ढवळायला निघून गेली. दुसरी बाजू माझ्याजवळच राहिली.

त्या दिवसापासून उलट्या बंद आहेत. लेकरू गाढ झोपतं. बसवून भरवायला देवमननं आपल्याच संत्र्यांच्या पेटीची एक फळी काढून, आत वाकळ घालून खुर्ची केली आहे, छातीशी चतुराबाईचं जुनं लुगडं बांधतो. त्यात बसून धर्मपाल पेज खातो तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांसारखाच दिसतो. अशा वेळी त्याला उचलून नेऊ नका, नत्थुजी. इथं त्याची घडी आत्ता कुठं बसते आहे. तिकडं प्रेमानं पुन्हा रस पाजला जाईल, प्रेमानं आडवं घेतलं जाईल. प्रेमानं काय काय होतं हे आम्ही पाहिलं आहे.

माणिकबाईंना जयभीम. जमुना खुशाल आहे, ती वेगळं लिहील.

आपला,
शालिकराम

ता. क. : संत्र्यांची नवी पेटी पोचली, फळ अप्रतिम आहे, आभारी आहे. यापुढे नुसती पेटी पाठवली तरी चालेल. खरं म्हणजे नुसतीच पाठवा. पोर वाढतं आहे, थोडी मोठी असू द्या.

आणखी एक : देवमननं हे पत्र घरात वाचून दाखवलं. चतुराबाई म्हणाली, "उलट्या बंद कुठी झाल्या? सकाळीच तं तुमच्या खांद्यावर झाली." ते खरं आहे. कमी झाल्या आहेत. बंद हा शब्द वाक्यात शोभत होता म्हणून पडला. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं आहे की याला दिवस लागतील, कदाचित वर्षं लागतील.

आणि शेवटचं, हेच आधी लिहायचं होतं : रविवारी या. न्यायला नका येऊ, धरायला या. थोडं थोडं भरवायचं आणि दर वेळी अर्धा तास उभं धरायचं म्हणजे दिवस त्यातच जातो. जमुनाची पाठ गेली आहे, ती आपल्याला लिहिणार नाही. चतुराबाईचा हात वर होत नाही, देवमनला नोकरी आहे, माझा डावा खांदा कालपासून माझा राहिलेला नाही. आपण उभा जन्म संत्र्यांच्या पेट्या खांद्यावर वाहिल्या, आपल्याला हे पोर फुलासारखं वाटेल. महिनाभर राहा. दुपारची पाळी आपली. आपल्याला कविता येत नाहीत याची चिंता करू नका. काल देवमन त्याला धरून पेपरातले कापसाचे भाव वाचत होता, तर याचा हात तसाच उठला आणि तसाच पडला. मी तो धक्का अजून कोणाला बोलून दाखवला नाही, आपणही दाखवू नका. तुम्ही संत्र्यांचे भाव सांगा. जुनी बंडी घालून या.