रेघेशेजारची कोरी जागा

प्रिय सायली,

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी वडिलांच्या नावानं घागर पुजली, वर खरबूज ठेवलं, पाया पडून उठलो आणि पेन्सिल घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेलो. ती चौकट तुझ्या ओळखीची आहे. डाव्या बाजूला तुझ्या उंचीच्या रेघा आहेत, बालवाडीपासून दहावीपर्यंत, प्रत्येक रेघेपुढं माझ्या अक्षरात तुझं नाव आणि इयत्ता. घराला मधे रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी मी रंगाऱ्याला सोडायला लावली होती. त्या सकाळी तुझ्या सगळ्यात खालच्या रेघेच्याही बरंच खाली, माझ्या गुडघ्याच्या वर वीतभर, मी एक नवी रेघ मारली. चौकटीला टेकून कुणी उभं नव्हतं. पण ती मी अंदाजानंही मारली नाही. आजी जिथं बघत होती, तिथं मारली.

हे फोनवर सांगायचं मी खूपदा ठरवलं. पण फोनवर आपण तुमच्या हैदराबादचा पाऊस, इकडं हर्सूलच्या तलावात आलेलं पाणी आणि तुझ्या ऋतुराजची बदली यापलीकडं जात नाही. आज धान्याचा मोंढा बंद आहे, आडतीवर जायचं नाही. तुझी आई मंदिरात गेलीय. म्हणून कागद घेऊन बसलोय.

अर्धांगवायूनं आजीची वाचा आणि उजवी बाजू गेली, ते तू बघितलंच आहेस. तेव्हा ती नुसती छताकडं डोळे लावून पडलेली असायची. डॉक्टर म्हणाले होते, डोळे उघडे आहेत म्हणून त्या बघतायत असं धरू नका. आम्ही तसं धरलंही नव्हतं. मग संक्रांतीला शेजारच्या जैतुनबी तिळगूळ घ्यायला आल्या, आजीच्या खाटेपाशी टेकल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "नानाभाई, अम्मा किसकू देख रई? घर में कोई बच्चा आया क्या?" मी हसलो आणि वाकून बघितलं. आजीची नजर फरशीवर होती आणि ती सरकत होती. देव्हाऱ्यापासून शिलाई मशीनपर्यंत, मधेच थांबून, पुन्हा मागं. फरशीवर मांजर नव्हतं, उन्हाचा कवडसा नव्हता. मी मुद्दाम मधे जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मान तिरकी करून माझ्या पायांच्या पलीकडं बघितलं, एखादा माणूस समोर आडवा आला की आपण बघतो तसं.

तेव्हा मला तुझं बोलणं आठवलं. तू तत्त्वज्ञानात एम.ए. करत होतीस, आपण गच्चीवर कुरडया वाळत घालत होतो आणि मी विचारलं होतं, तुम्हाला तिथं शिकवतात तरी काय? तू म्हणालीस, "अण्णा, तुम्ही फुलंब्रीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे आहात, आणि एसटी त्या दिवशी सुटलेलीच नाही. मग तुम्ही वाट बघितली ती कशाची?" मी म्हणालो, "डोंबलाची." तू हसलीस. "डोंबलाची नाही, एसटीचीच. ट्रकची नाही, टमटमची नाही. नसलेल्या एसटीची, पण एसटीचीच." मग तू सांगितलंस, मन नेहमी कशाकडं तरी वळलेलं असतं, ते 'कशाकडं' जगात असायलाच हवं असं नाही, असं काही विचारवंत म्हणतात. दुसरे म्हणतात, मनाचं राहू द्या, आधी शब्द तपासा. ज्या नावाचा धनीच जगात नाही, ते नाव घेऊन बोललेलं वाक्य नेमकं कशाबद्दल असतं? तुझी आई म्हणाली, "एवढं शिकून एसटीच बघायची होती, तर फाट्यावरच उभी राहायचीस की!" मी तुला विचारलं होतं, मी रोज दिव्यापुढं ज्याचं नाव घेतो त्याला मी कुठं बघितलंय? तरी माझं नाव घेणं त्यालाच पोचतं, भलत्याला नाही, असं मला वाटतं ते का? तू कुरडईचा साचा पुन्हा भरायला घेतलास.

तर आजी काहीतरी बघत होती. आणि ते वाढत होतं. होळीपर्यंत नजर फरशीवर होती, मग खाटेच्या माचव्यापर्यंत वर आली, आणि अक्षय्य तृतीयेला ती चौकटीपाशी स्थिर झाली. चौकट धरून कुणी उभं राहावं तशी. म्हणून मी रेघ मारली. तुझ्या आईनं बघितलं आणि ती चिडली. "काहीबी खूळ घेऊ नका डोक्यात. लोकांनी ऐकलं तर मलाच नावं ठेवतील." पण दोनच दिवसांनी मी बघितलं, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली कात्री आणि सुया तिनं फडताळात वर नेऊन ठेवल्या होत्या. आणि इस्त्रीची लोंबती वायर गुंडाळून टाकली होती.

एका माणसाचा भ्रम त्याच्यापुरता असतो, हे मला कळतं. पण जैतुनबी भांडं द्यायला यायच्या तेव्हा चौकटीतून सरळ आत यायच्या नाहीत, जरा अंग चोरून यायच्या. तुझी आईही तशीच यायची. मीही. आम्ही तिघांनी कधी ठरवलेलं नव्हतं, पण तिघंही एकाच जागेला वळसा घालायचो. दसऱ्याच्या सुमारास तो वळसा चौकटीपासून सुटला. आजीची नजर घरभर फिरायला लागली होती, जरा डगमगत, मधे एकदम खाली जाऊन पुन्हा वर येत. आम्ही कपबशी ठेवताना आधी तिच्या डोळ्यांकडं बघून घ्यायचो.

सायली, ते कोण हे तुझ्या केव्हाच ध्यानात आलं असेल. तुला सातवा महिना लागला तेव्हा तू आजीच्या खाटेवर बसली होतीस. तिचा डावा हात तू पोटावर ठेवलास आणि तिच्या कानात बाळाचं नाव सांगितलंस. मुलगा असो की मुलगी, हेच, म्हणालीस. आम्ही विचारलं तर म्हणालीस, "आजी कुणाला सांगणार नाही, म्हणून फक्त तिलाच." गेल्या वर्षी नागपंचमीच्या आधी दवाखान्यात जे झालं, ते आजीला कुणी सांगितलं नाही. तिला कुठं कळतंय, असं आम्ही म्हणालो. ऋतुराज आणि मी लेकराला टॉवेलात घेऊन देवगावला गेलो. आपल्या शेताच्या बांधावर बोरीखाली मातीत ठेवलं. नाव न ठेवलेल्याचं कुणी बारावं करत नाही, त्याला पाणी देत नाही. तू हैदराबादला गेलीस ती परत इकडं आली नाहीस. आणि आजी तशीच पडून होती, पणतवंड येणार एवढं ऐकलेली. ते आलं नाही, असं तिला कोण बोललं होतं? म्हणून तिच्यापुरतं ते आलं. रांगलं. उभं राहिलं.

मला ते तसंच चालू द्यायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण कोजागिरीपासून आजीनं खाणं सोडलं. दुधात कुस्करलेली भाकरी तोंडाशी नेली की ती डाव्या मुठीत घास धरायची आणि हात खाटेबाहेर लांब करायची. आधी त्यानं खायचं, मग तिनं. घास फरशीवर पडायचा, पण स्वतःचं तोंड काही उघडायची नाही. जैतुनबींनी लाडीगोडी लावली, "अम्मा, तुम खाव, उसकू मैं खिलाती." ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल, आणि या वयात तीही किती दिवस. म्हणजे खरं सांगितलं तर तिच्या डोळ्यातलं ते लेकरू जाणार, आणि नाही सांगितलं तर ती त्याची वाट बघत उपाशी जाणार. मी रोज दिव्यापुढं बसायचो, उठायचो आणि तिला न सांगताच आडतीवर जायचो.

भाऊबीजेच्या सकाळी मी खाटेपाशी खाली बसलो आणि सांगितलं. म्हणालो, "माय, सायलीचं लेकरू आपल्यात आलंच नाही. ते जन्मताच गेलेलं होतं. मी या हातांनी त्याला बोरीखाली ठेवलंय. ते तुझ्या हातचं खाणार नाही." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मग नजर चौकटीकडं गेली, त्या उंचीला थांबली, आणि तिथून हळूहळू, डगमगत, फरशी ओलांडत माझ्याकडं यायला लागली. माझ्या मांडीपाशी येऊन टेकली. मी हललो नाही. आजीनं डावा हात उचलून माझ्या मांडीवर दोनदा थोपटलं आणि तोंड उघडलं. वाटीभर खाल्लं तिनं.

आता ती नीट जेवते. पण तिचे डोळे आता डॉक्टर म्हणाले होते तसे झालेत. उघडे, आणि कशावरच नाहीत. नसलेल्याकडं बघणं आणि न बघणं यात किती अंतर आहे, हे मला आता कळलंय. तुमच्या तत्त्वज्ञानात कुणी विचारलं तर सांग. तिनं तिच्याजवळचं माझ्याकडं दिलं आणि ती मोकळी झाली. मी मात्र खुर्चीवरून एकदम उठत नाही. दार लावताना आधी खाली बघतो. आणि हाक मारावी असं वाटतं तेव्हा तोंडात काहीच येत नाही, कारण नाव तुझ्याकडं आहे आणि आजीला वाचा नाही. नुसतं 'अगं' म्हणावं तरी कुणाला? ती मुलगी होती, सायली. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तूही विचारलं नाहीस. आज सकाळी दिवा लावून झाल्यावर मी पेन्सिल घेतली. आजी झोपली होती, दाखवायला कुणी नव्हतं. मी चौकटीपाशी बसलो, हात त्या उंचीला धरला आणि जुन्या रेघेच्या चार बोटं वर दुसरी रेघ मारली. पुढची जागा कोरी ठेवलीय. पेन्सिल तिथंच चौकटीच्या खाचेत आहे. नाव तू येऊन लिही.

तुझाच,
अण्णा