हजेरीत नसलेली नऊ मशीनं

प्रिय दादा,

तू पाठवलेला जबाबाचा मसुदा मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली, 'एवढी सही कर, बाकी मी बघतो' अशी. मसुदा मी तीनदा वाचला, मग डबा खाल्ला आणि चौथ्यांदा वाचला, कारण उपाशीपोटी मला राग जरा जास्तच येतो हे तुला ठाऊक आहे. पोट भरल्यावरही तो तेवढाच राहिला. म्हणून लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी घरचं. वहिनीचा परवा फोन आला होता. तुझ्या बढतीचं जवळजवळ ठरल्याचं तिने सांगितलं, आईच्या गुडघ्याचं सांगितलं आणि ठेवता ठेवता म्हणाली की तू हल्ली जेवताना बोलतच नाहीस. तिला यातलं काही माहीत नाही असं दिसलं, आणि माझ्याकडून कळणारही नाही. पण आईला मध्ये घालू नकोस. ती रडली तर मी विरघळेन असं तुला वाटत असेल तर बरोबर वाटतंय, आणि म्हणूनच सांगतेय, घालू नकोस.

आता रुग्णालयाचं. तू इथलं संगणक खातं सोडून मुख्य कार्यालयात गेलास तरी माझी खोली तीच आहे, लिफ्टच्या मागची, बिनखिडकीची. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नवे पॅच येतात, आधी मी ते वीस मशीनांवर लावून तीन दिवस वाट बघते, कुठे काही बिघडलं नाही तर मग एकेका विभागाला सोडते. क्ष-किरणवाला तंत्रज्ञ अजूनही मला बघितलं की दार लावून घेतो, कारण एकदा पेशंट टेबलावर असताना त्याचं मशीन आपोआप बंद होऊन सुरू झालं होतं. आई एकदा मला विचारत होती की तू दिवसभर तिथे करतेस काय, तर मी म्हटलं, संगणकांना भोकं पडतात, ती बुजवायला पॅच येतात, ती ठिगळं लावते. एवढं शिकवून पोरगी ठिगळंच लावते म्हणून ती दोन दिवस खंतावली होती.

आणि मग गेल्या महिन्यात ते झालं. एका बिलाच्या मेलमधून व्हायरस आला आणि सकाळी दहापर्यंत निम्मं रुग्णालय काळ्या पडद्यांसमोर बसलं. त्याचा पॅच चार महिन्यांपूर्वीच आला होता. माझ्या तक्त्यावर सहाशे चाळीसपैकी सहाशे चाळीस मशीनं हिरवी, म्हणजे पॅच लागलेली होती. शंभर टक्के! ती हिरवी मशीनं व्हायरसपासून वाचलीही, पण ज्याच्यावर ती चालतात त्या नोंदणीच्या सर्व्हरलाच दणका बसल्यावर ती वाचून काय उपयोग? दोन दिवस नोंदणी बंद होती आणि अकरा शस्त्रक्रिया पुढे गेल्या. कोणी दगावलं नाही. ते नशीब, आपलं कर्तृत्व नव्हे.

तक्ता हिरवा असताना व्हायरस शिरला कुठून, हे मला कळेना. मग तू मला पहिल्या वर्षी शिकवलं होतंस तेच केलं. रजिस्टर घेतलं आणि टेबलांखाली वाकून वाकून प्रत्येक मशीनचा स्टिकर वाचत तीन दिवस फिरले. परिचारिका हसत होत्या, एकीने कानातलं हरवलंय का म्हणून विचारलं. मशीनं निघाली सहाशे एकोणपन्नास. नऊ जास्त, सगळी जुन्या इमारतीतली, सगळी चालू, आणि आपल्या यादीत एकही नाही.

कारण तुला माहीत आहे. जुन्या इमारतीची लाइन मंद, म्हणून तिथल्या मशीनांनी रात्रीच सर्व्हरला 'मी चालू आहे' अशी हजेरी द्यावी आणि रात्रीच पॅच घ्यावेत अशी सोय आपणच केली. आणि वीजवाल्यांनी, एकदा तिथे वायर जळाल्यावर, भिंतीवर सूचना चिकटवली: जाताना मेन स्विच बंद करणे. हे दोन कागद एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. मशीनं रात्री मेलेली, त्यामुळे ना पॅच ना हजेरी, आणि तीस दिवस हजेरी नाही म्हणजे मशीन भंगारात गेलं असं धरून ते यादीतून आपोआप गळतं. नियमच तसा आहे आपला.

हा नियम आठवतो ना? गोदामात एकेचाळीस मेलेली मशीनं पडून होती आणि त्यांच्यापायी तक्ता चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडकायचा. दर बैठकीत तुला बोलणी बसायची. एका दुपारी तू म्हणालास, जी बोलत नाहीत ती काढून टाक. मी टाइप केलं. गोदामातली तपासून काढायची सोडून आपण सरसकट नियम लावला, कारण बैठक चारला होती. पुढच्या महिन्यात शंभर टक्के झाले, तुझं कौतुक झालं, तू वरच्या पदावर गेलास. मलाही बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही.

आणि तुझा मसुदा काय म्हणतो? 'सर्व मशीनं अद्ययावत होती. जुन्या इमारतीतील नोंदणी कर्मचाऱ्याने संगणक वारंवार बंद ठेवून अद्ययावतीकरण टाळले.' म्हणजे नोंदणीवाल्या मावशी! सात महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या. भिंतीवरची सूचना पाळणारी त्या इमारतीतली बहुधा एकमेव व्यक्ती. सगळं बंद पडलं तेव्हा जुन्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी दोन दिवस हाताने नोंदी केल्या आणि एकाही पेशंटची फाइल इकडची तिकडे होऊ दिली नाही. परवा माझ्या खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्याच नाहीत, उभ्यानेच विचारलं की मी बंद करायला नको होतं का. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांच्यावर खापर फोडून आपण दोघांनी हात झटकायचे, आणि ते माझ्या सहीने! नाही करणार. तू मोठा भाऊ आहेस, साहेब आहेस, उद्या आणखी मोठा होशील. तरीही नाही.

मला काढतील असं तू चिठ्ठीत लिहिलंयस. काढू देत. टाइप करणारे हात माझे होते.

माझा जबाब मी आज लिहून काढलाय. नऊ मशीनांचे स्टिकर क्रमांक, वीजवाल्यांच्या सूचनेचा फोटो, नियम लावल्याची तारीख, सगळं जोडलंय. 'नियम कोणी ठरवला' या प्रश्नापुढे दोन ओळी आहेत. पहिलीवर माझं नाव लिहिलंय, दुसरी कोरी ठेवलीय. चौकशी सोमवारी अकराला आहे. तू साडेदहाला ये आणि ती ओळ तुझ्या हाताने भर, हे सांगायला हे पत्र. तू भरलीस तर मी तुझ्या शेजारी बसेन, आणि बाहेर कोण काय म्हणतं ते बघून घेईन. नाही आलास, तर अकराला ती मी भरेन.

तुझीच, 
तुझं न ऐकणारी धाकटी