खाटेच्या नवारीचा पट्टा

वालूर
ता. १९ मे १९८५

आदरणीय आश्रुबादादांस,
धाकटी बहीण सुला हिचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघेही जमिनीवर असून सुखरूप आहोत. (‘जमिनीवर’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, खुलासा पुढे येईल.) तिकडे वहिनींचे गुडघे, तुमचा खोकला आणि परळीच्या वीजकेंद्राची राख हे सगळं आपापल्या जागी असेल असं धरून चालते. वहिनींना सांगा, एरंडाची पानं शेकून बांधावीत. गुण येत नाही, पण कोणीतरी काही करतंय एवढं गुडघ्यांना कळतं.

तर झालं असं की, गावातल्या पाण्याच्या उंच टाकीला रंग द्यायचं काम ठेकेदारानं तुमच्या मेव्हण्यांना दिलं. तुम्हाला माहीतच आहे, ह्यांचा हात दुकानाच्या पाट्या आणि लग्नाच्या भिंती ह्यांच्यावर बसलेला. टाकी म्हणजे एवढी मोठी पाटी की, खाली उभं राहून वाचणाऱ्याची टोपी पडावी. ह्या टाकीचं पाणी अजून आमच्या बौद्धवाड्यात आलेलं नाही. नळ शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आला आहे आणि पुढच्या वर्षी पुढे सरकेल, असं दरवर्षी सांगतात. पण टाकीला रंग मात्र आमच्या घरून जाणार, ह्याचा ह्यांना फार अभिमान. माणसाला अभिमान वाटण्याजोगं रोज काय घडतं?

मला मात्र झोप येईना. फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले तरी माझे पाय कापतात. मी ठेकेदाराकडे गेले आणि कमरेला बांधायचा पट्टा मागितला. तो म्हणाला, “बाई, मी पेंटर आणलाय, पाळण्यातलं लेकरू न्हाई.” मग मी घरी आले, आणि हे सेलूच्या बाजाराला गेलेले पाहून आपल्या खाटेची नवार उसवली. (तीच खाट, तुम्ही आमच्या लग्नात दिलेली. माफ करा.) नवारीची चौपदरी घडी घातली, दाभणानं शिवली, मागे बैलाच्या वेसणीची कडी बसवली आणि त्या कडीला दोर. बोटांची चाळण झाली, पण पट्टा असा झाला की, त्यात रेडाही अडकवावा. हे परत आले, उघडी पडलेली खाट पाहिली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून आम्ही खाली झोपतो. मी म्हटलं, तेवढीच पडायची भीती कमी.

पट्टा बांधून हे पहिल्या दिवशी निघाले, तर पारावरच्यांनी धरलं. “सितारामा, बायकोनं दावं लावून पाठविलं काय?” “सांजच्याला सोडती का न्हाई?” दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी पट्टा सदऱ्याच्या आत बांधला. दोर तेवढा मागून बाहेर लोंबायचा, म्हणजे लपवायचं होतं ते राहिलं बाजूला आणि शेपूट तेवढं दिसू लागलं. पण बांधला. माझ्यासाठी बांधला. एवढ्या वर्षांच्या संसारात माझं ऐकल्याचा हा पहिलाच पुरावा असेल.

मंगळवारी मी बालवाडीत मुलांना सुकडी वाढत होते. आमच्या मदतनीस कडूबाई धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुमचे मालक टाकीला लटकायलेत.” त्यांच्या सांगण्यात घाबरणं नव्हतं, नुसती खबर होती. मी हातातली पळी तशीच घेऊन पळाले.

हे वरच्या कठड्यावरून दोन दोरांनी सोडलेल्या फळीवर बसून रंग देत होते. एका दोराची गाठ सुटली, फळी उभी झाली, रंगाचा डबा खाली आला आणि हे माझ्या पट्ट्यात अडकून टाकीच्या पोटाशी लोंबकळत राहिले. शिडी पलीकडच्या अंगाला, म्हणजे हाताला काहीच लागत नव्हतं. पट्ट्यानं आपलं काम चोख केलं होतं, दादा. त्यानं माणसाला खाली येऊ दिलं नाही. पण मग त्याला खाली आणायचं कसं, ह्याचा विचार पट्टा शिवणारीनं केलाच नव्हता.

खाली अख्खं गाव जमलं. कोणी ओरडलं, “हालू नको.” कोणी ओरडलं, “जरा हाल, म्हंजे रगत फिरंल.” एकजण म्हणाला, “नामांतराच्या पाट्या लिवायला बरा चढत हुतास.” (त्या पाट्या जमिनीवर बसूनच लिहिल्या होत्या. पण खुलासा करायची ती वेळ नव्हती.) दिनकरराव ग्रामसेवक परभणीला फोन लावायला गेले आणि लाइन बंद असल्याची बातमी मोठ्या रुबाबात घेऊन परत आले. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की, खाली कडबा पसरावा, पडलाच तर मऊ पडेल. मे महिन्यात कडबा काढून देणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको, पण लोकांनी दिला. खोटं कशाला बोलू? चांगला कमरेएवढा ढीग झाला. तेवढ्यात दोन म्हशी आल्या आणि माझ्या नवऱ्याचं अंथरूण खाऊ लागल्या. त्यांना हाकलायला चार माणसं लागली. गावाला तेवढंच करण्याजोगं काम मिळालं, त्यामुळे ते सगळ्यांनी मन लावून केलं.

हवा होता जाड दोर. पट्ट्याचा दोर टाकीच्या काठावर घासत होता. लांब आणि मजबूत दोर गावात एकच, किशनरावांच्या मोटेचा नाडा. मोट कधीच बंद झाली, पण विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरवतात तो ह्याच नाड्यानं. नाही कोणी म्हणालं नाही, दादा. नाही म्हणणारा एक जरी असता, तरी त्याच्याशी भांडता आलं असतं. किशनराव म्हणाले, “देऊ की. पण त्यो पिण्याच्या विहिरीत सोडावा लागतो. दुसरा कुटं मिळतो का बघा आंदी.” आणि सगळे आंदी बघू लागले. वर एक माणूस, खाली शंभर माणसं, आणि मध्ये नाडा. आमच्या वाड्यातली माणसं गप्प उभी होती. आपण बोललो तर मिळणारा नाडाही मिळायचा नाही, हा हिशेब आम्हाला लहानपणापासून येतो.

शेवटी किशनरावांची म्हातारी आई तानुबाई काठी टेकत आली. “त्यो तिथं लटकायलाय अन् तुमी नाड्याची जात काढायलाव?” म्हणाली. “आरं, इहिरीचं पाणी उपसून दुसरं येतंय. त्याच्या बायकूला दुसरा नवरा आणून देताव काय?” मग लेकाकडे वळून, “आन, भाड्या.” किशनरावांचा सालदार मुंजाजी नाडा आणायला पळाला.

मुंजाजी नाडा घेऊन शिडी चढला आणि त्याच्यामागून मी. का चढले, विचारू नका. तो म्हणाला होता, “मावशी, मी वढून धरतो, पर काटावरून वाकायचं माझ्याच्यानं हुणार न्हाई.” मी कठड्याखालून पालथी पडून बाहेर वाकले. मुंजाजीनं माझे पाय धरले आणि तेवढ्यातही “पायाला हात लावलो, माफी करा,” म्हणाला. खाली पाहिलं तर हे. मला बघून हसले आणि म्हणाले, “पळी कशाला आणलीस?” पळी खरंच पदरात खोचलेली होती. मी नाड्याचा फास खाली सोडला. ह्यांनी तो मांड्यांखाली घेतला, आम्ही नाड्याला कठड्याच्या खांबाभोवती वेढा दिला, पट्ट्याचा दोर सोडवला, आणि नाडा हळूहळू सोडत म्हशींनी शिल्लक ठेवलेल्या कडब्यावर ह्यांना उतरवलं.

सेलूहून डॉक्टर आले. म्हणाले, पट्टा नसता तर माणूस गेलाच असता; पण पट्ट्यात फार वेळ लटकूनही माणूस जातो, पायांतलं रक्त वर येत नाही, अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. तेव्हापासून मी त्या पट्ट्याकडे बघते. वाचवायला म्हणून जे शिवलं त्यानंच ह्यांना टांगून ठेवलं होतं. माया करताना अर्धाच विचार करायची आपल्याला सवय आहे काय? पडू द्यायचं नाही एवढं ठरवायचं, आणि पुढचं गावावर सोडायचं.

असो. वहिनींना आणि सरजाक्कांना जयभीम. लेकरांना आशीर्वाद.

तुमची बहीण,
सुला

ता. क. तुमच्या वीजकेंद्रात उंचावर चढणाऱ्यांसाठी खरे पट्टे असतात, असं तुम्ही मागे म्हणाला होता. मांड्यांना आधार देणारा एखादा, जुना चालेल, रीतसर मागून पाठवता येईल का? आणि सोबत एक जाड दोर. नाडा एकदा मिळाला, दुसऱ्यांदा मागायची माझी हिंमत नाही.

ता. क. दुसरा. वर लिहिलं आहे की, हे मला बघून हसले. हसले नाहीत. पळीचं मी घातलं, तुम्हाला घोर लागू नये म्हणून. डोळे मिटून मेलेल्या आईला हाका मारत होते. पाय आता चालतात, पण अंगणाची पायरी उतरताना भिंत धरतात, आणि टाकी दिसू नये म्हणून मागच्या दारानं जातात. ठेकेदार येऊन गेला. उरलेली बाजू पावसाआधी झाली नाही, तर शाळा रंगवायचं पुढचं काम दुसऱ्याला देणार. अक्षरं झालेली आहेत, दादा. राहिला आहे नुसता पांढरा रंग.

ता. क. तिसरा. मापासाठी पाकिटात सुतळी घातली आहे. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे कमर. ती ह्यांची नाही, माझी आहे. मुंजाजी दोर धरायला तयार आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला नको म्हणायचं असेल, तर तसं लिहा, आणि ते पत्र पट्ट्यासोबत पाठवा.