अकरावी सही

३ जानेवारी १९९५
दीड वर्ष झालं फ्लॅट बुक करून! जागेवर काय? एक पाटी आणि चार खड्डे. पनवेल वाढतंय म्हणे. वाढतायत त्या पाट्या!
आज बिल्डरकडे जाऊन भांडले. प्रदीप सोबत होता — बायको तावातावाने बोलतेय आणि हा भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय!
"मॅडम, सातबाऱ्यावर अकरा नावं. दहा सह्या झाल्या. मालकाची बहीण अडून बसलीय."
मग आधी बुकिंग घेतलंत कशाला?
"सगळेच घेतात."
निर्लज्ज.

९ जानेवारी
घरमालकीण ललिताबाईंनी मार्चअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय. जायचं कुठे?

१५ जानेवारी
पनवेलजवळच्या कोन गावी गेले, त्या बहिणीला चार शब्द सुनवायलाच. कृष्णाबाई नाव. ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. किती पैसे हवेत, सरळच विचारलं.
"पैसं मागितलं का मी? बिल्डरचा मानूस कागद घेऊन आला. माजा भाव नाय आला. काशीरामानी दारात यावा, बसावा, चाय प्यावा. मंग करीन सही."
कपभर चहासाठी बावीस कुटुंबं लटकलीत! तोंडावर बोलले तसं. तिने ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या. त्याचा आणखीच राग आला.

२८ जानेवारी
काशीरामला गाठलं. जा ना बाबा बहिणीकडे, अर्ध्या तासाचं काम!
"लगीन लावून दिला ना तिचा? आता काय इचारायचा?"
अशाने उभ्या राहतायत इमारती! एकाचा ताठा, एकीचा हट्ट, आणि मधे आम्ही.

४ फेब्रुवारी
खोल्या बघून पाय दुखले. रात्री प्रदीपवर उगाच खेकसले.

२१ फेब्रुवारी
चिपळूणहून दादाचं रजिस्टर पाकीट. बाबांच्या जागेवर बिल्डिंग होणार — मला कळलं ते या संमतीपत्रावरून! सही करायची तिथे पेन्सिलीची फुली. सोबत चिठ्ठी नाही. कशी आहेस, एवढंही नाही.
प्रदीप म्हणाला, "टाक करून."
नाही केली. चिपळूणचे बुकिंगवाले आता मला शिव्या घालतील. घालू देत.